ग्लिसरीनमध्ये पाण्याची बोटं: साबण घालूनही रुंदी का बदलत नाही?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. अमळनेरला अकरावीच्या मुलांकडून विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्ही प्रयोग बसवताय. दोन काचांमध्ये जुन्या एटीएम कार्डाचे तुकडे ठेवून फट केली आहे, फटीत ग्लिसरीन आहे आणि वरच्या काचेच्या मधल्या छिद्रातून सिरिंजने रंगीत पाणी सोडताय. पाणी गोल न पसरता बोटांसारखं फुटतं. पुस्तकात लिहिलंय की बोटांची रुंदी पृष्ठताण ठरवतो, म्हणून पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घालून पाहिलं, काही फरक पडला नाही. सिरिंज हळू दाबली, जोरात दाबली, तरी रुंदी तीन मिलिमीटरच्या आसपासच. उलट करून पाण्यात ग्लिसरीन सोडलं तर बोटंच आली नाहीत. आणि फेब्रुवारीत दिसलेली नक्षी एप्रिलात बदलली.

तुमची मांडणी बरोबर आहे. अडचण द्रवांच्या जोडीत आहे. पाणी आणि ग्लिसरीन एकमेकांत पूर्ण मिसळतात. मिसळणाऱ्या दोन द्रवांमध्ये ताणलेला पडदा नसतो, म्हणजे जो पृष्ठताण तुम्ही साबणाने कमी करायला निघालात तो त्या सीमेवर जवळजवळ नव्हताच. पाण्याचा ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर हा आकडा हवेशी भिडलेल्या पाण्याचा आहे, ग्लिसरीनशी भिडलेल्या पाण्याचा नाही. मिसळणाऱ्या जोडीत वेग बऱ्यापैकी असला की नक्षीची तरंगलांबी, म्हणजे एका बोटाच्या मध्यापासून शेजारच्या बोटाच्या मध्यापर्यंतचं अंतर, फटीच्या सुमारे चौपट निघते आणि वेगावर फारशी अवलंबून राहत नाही. एटीएम कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं. त्याची चौपट म्हणजे साधारण तीन मिलिमीटर. तुमच्या मुलांनी हे माप अगदी बरोबर घेतलंय, त्यांना तसं जरूर सांगा.

आता मुळापासून. बोटं पृष्ठताणामुळे फुटतात असा समज बऱ्याचदा दिसतो, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. बोटं फुटतात ती घट्टपणाच्या, म्हणजे श्यानतेच्या, फरकामुळे. पातळ द्रव घट्ट द्रवाला ढकलत असताना सीमेवर कुठेतरी केसाएवढा फुगवटा आला असं समजा. त्या फुगवट्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत ढकलायचं ग्लिसरीन शेजारच्यापेक्षा थोडं कमी उरतं, म्हणून तिथे दाबाचा उतार जास्त तीव्र होतो. मग तो फुगवटा शेजाऱ्यांपेक्षा वेगाने पुढे जातो, आणखी पुढे गेला की उतार आणखी तीव्र. उलट्या प्रयोगात ग्लिसरीनचा फुगवटा पुढे आला तर तो स्वतःबरोबर जास्तीचा अडथळा घेऊन येतो, मागे पडतो आणि सीमा सपाट होते. म्हणून तुम्हाला नुसता गोल दिसला. तो प्रयोग फसलेला नाही, प्रदर्शनात तो शेजारी मांडाच.

पृष्ठताण इथे लगाम घालायचं काम करतो. कसं ते आकड्यांनी बघू, कारण शब्दांत सगळं पटल्यासारखं वाटतं आणि हातात काही राहत नाही. ग्लिसरीनमध्ये पाण्याऐवजी हवा सोडली आहे, तापमान २५ अंश, श्यानता ०.९ पास्कल-सेकंद (पाण्याच्या सुमारे हजारपट), पृष्ठताण ६३ मिलिन्यूटन प्रति मीटर, फट ०.७६ मिलिमीटर, आणि सीमा सेकंदाला १ मिलिमीटर सरकते आहे असं धरा. सीमेपुढच्या ग्लिसरीनमध्ये दाब दर मिलिमीटरला सुमारे १९ पास्कलने उतरतो. आता १ मिलिमीटर त्रिज्येचा छोटा फुगवटा घ्या. त्याला पुढे जाऊन मिळणारा फायदा १९ पास्कलच्या घरात. पण वाकलेल्या पृष्ठामुळे टोकाबाहेरच्या ग्लिसरीनमधला दाब ६३ पास्कलने कमी होतो, म्हणजे ढकलणारा जोर तेवढा घटतो. फुगवटा मिटतो. ५ मिलिमीटर त्रिज्येच्या फुगवट्याचा तोटा फक्त १३ पास्कल आणि फायदा ९० च्या पुढे. तो वाढतो. म्हणजे बारीक बोटं पृष्ठताण दाबून टाकतो, जाड बोटं राहू देतो, आणि खूप रुंद असतात ती सावकाश वाढतात म्हणून मागे पडतात. मधली एक रुंदी सगळ्यांत वेगाने वाढते आणि डोळ्यांना तीच दिसते.

इथे एक बारकावा. सीमा दोन दिशांनी वाकलेली असते. काचेच्या पातळीत, म्हणजे वरून पाहताना दिसणारा बाक, आणि फटीच्या जाडीत, म्हणजे वरच्या काचेपासून खालच्या काचेपर्यंतचा बाक. दुसरा बाक कितीतरी तीव्र असतो, आपल्या उदाहरणात त्याचा दाब १६६ पास्कल होतो. पण तो सीमेवर सगळीकडे जवळपास सारखाच असतो, म्हणून कोणतं बोट पुढे जाईल हे ठरवण्यात त्याचा हात नसतो. मुलं हमखास हा आकडा काढतात आणि विचारतात की एवढ्या मोठ्या दाबापुढे ६३ चं काय. उत्तर हे.

सगळ्यांत वेगाने वाढणाऱ्या नक्षीची तरंगलांबी अशी काढा: श्यानता गुणिले वेग, भागिले पृष्ठताण. या संख्येचं वर्गमूळ घ्या. ३.१४ गुणिले फट याला त्या वर्गमुळाने भागा. वरच्या उदाहरणात उत्तर येतं सुमारे २० मिलिमीटर. वेग दहापट करून सेकंदाला १ सेंटिमीटर केला तर सुमारे ६ मिलिमीटर. हे सूत्र हवेसारख्या अगदी पातळ पदार्थाने ढकलताना, काच आडवी असताना आणि सीमा सरळ असताना लागू आहे. उत्तर फटीच्या दोन-तीन पटींवर आलं की सूत्रावर विसंबू नका, तिथे फटीच्या जाडीतला प्रवाह नुसता सरासरीने मोजून चालत नाही.

वर्गमूळ आहे याकडे लक्ष द्या. रुंदी निम्मी करायची तर वेग चौपट हवा, किंवा पृष्ठताण एकचतुर्थांश. साबणाने ग्लिसरीन-हवेचा ताण समजा निम्मा झाला, तरी रुंदी ७० टक्क्यांवर येईल, त्याखाली नाही. शिवाय साबणाचे रेणू नव्याने तयार होणाऱ्या पृष्ठापर्यंत पोचायला वेळ लागतो. घट्ट ग्लिसरीनमध्ये तर फारच. बोट झपाट्याने पुढे जात असेल तर त्याचं टोक ताजंच असतं आणि साबणाचा पूर्ण परिणाम दिसत नाही. म्हणून साबणाचा परिणाम दाखवायला हवा-ग्लिसरीन ही जोडी मी निवडणार नाही. त्यासाठी एरंडेल आणि पाणी घ्या, पाण्यात साबण घाला. तेल-पाण्याच्या सीमेवरचा ताण साबणाने कितीतरी पटींनी उतरतो, आणि साबण पातळ पाण्यातून येत असल्याने पटकन पोचतो. एका वेळी नुसतं पाणी, दुसऱ्या वेळी लिटरला ५ मिलिलिटर लिक्विड घातलेलं पाणी, बाकी सगळं तेच. फरक लांबूनही दिसतो. सरकीचं तेल आपल्याकडे सहज मिळतं, पण ते एरंडेलाच्या मानाने फार पातळ, त्यामुळे त्याला जास्त वेग द्यावा लागतो. एक काळजी घ्या: पाणी काचेला तेलापेक्षा जास्त चिकटतं, म्हणून दोन्ही काचा आधी तेलाने सगळीकडे ओल्या झालेल्या हव्यात. कोरडा डाग राहिला तर पाणी तिथे ओढलं जातं आणि बोट वेडंवाकडं जातं.

आता मांडणी. काच ५ मिलिमीटर जाड, ३० बाय ३० सेंटिमीटर, कडा घासून घेतलेल्या. फ्रेमवाल्याकडून वरच्या काचेच्या मधोमध ६ मिलिमीटरचं छिद्र पाडून घ्या. ॲक्रिलिक शीटला घरी ड्रिलने छिद्र पाडता येतं, पण ॲक्रिलिक वाकतं. वर सांगितलेल्या ग्लिसरीनमध्ये, १० सेंटिमीटर त्रिज्येची चकती असताना, सीमा मध्यापासून ३ सेंटिमीटरवर सेकंदाला १ सेंटिमीटर वेगाने सरकत असेल तर आतला दाब ६-७ किलोपास्कल होतो आणि वरच्या काचेला उचलणारा एकूण जोर सुमारे ८ किलो वजनाइतका. ॲक्रिलिक मधे फुगतं, फट मध्यावर वाढते, आणि मध्याजवळची बोटं हिशेबापेक्षा जाड दिसतात. काच असली तरी चारही कोपऱ्यांवर कार्डाचे तुकडे आणि त्यांच्या बरोबर वर मोठ्या बाइंडर क्लिपा हव्यात. क्लिप तुकड्यापासून बाजूला सरकली की काच तिथे वाकते.

छिद्रात बसवायला ठिबकची मायक्रोट्यूब सगळ्यांत चांगली, बाहेरून ६ मिलिमीटर आणि आतून ४. केळीच्या बागेत तिचे तुकडे पडलेलेच असतात. नळी काचेच्या खालच्या पृष्ठाबाहेर येता कामा नये, नाहीतर तिची कड फटीत शिरते आणि बोटं ठरावीक दिशांनाच फुटतात. बाहेरून इपॉक्सीने बंद करा.

१० सेंटिमीटर त्रिज्येच्या चकतीला ०.७६ मिलिमीटर फटीत सुमारे २४ मिलिलिटर ग्लिसरीन लागतं. मेडिकलमधून १०० मिलिलिटरची बाटली आणली तर चार वेळा होतं. खालच्या काचेच्या मध्यावर ढीग ओता, वरची काच एका कडेने टेकवत हळूहळू खाली आणा. सरळ वरून टाकली तर बुडबुडे अडकतात, आणि प्रत्येक बुडबुडा सीमेला खोटा फुगवटा देतो. खाली पांढरा कागद, त्यावर पट्टी, वर मोबाइल स्टँडवर. हवेचं बोट दिसत नसेल तर ग्लिसरीनला खाण्याचा रंग द्या. पोटॅशियम परमँगनेट मात्र कदापि नको. प्रयोगशाळेत रंगासाठी तेच हाताशी असतं, पण त्याचे स्फटिक ग्लिसरीनशी भिडले की थोड्या वेळात पेट घेतात. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

सगळ्यांत जास्त घोळ सिरिंजमध्ये होतो. तुम्ही दट्ट्या दाबता तेव्हा आधी सिरिंजमधली हवा दबते, सीमा हलत नाही. मग ती सुटते आणि बोटं एकदम धावतात. तुम्हाला वाटतं वेग सारखा होता, पण सीमेवर तो दहापट बदललेला असतो. याला सोपा उपाय पाण्याच्या उंचीचा. पाण्याची बाटली १ मीटर उंच टांगा, सलाईनच्या नळीने ते पाणी खालच्या बंद बाटलीत सोडा, आणि खालच्या बाटलीतली हवा मायक्रोट्यूबने काचांमध्ये जाऊ द्या. १ मीटर उंचीचा दाब सुमारे ९.८ किलोपास्कल. उंची कमी-जास्त करून दाब बदलता येतो आणि तो मोजलेला असतो. यात दाब ठरलेला राहतो, वेग नाही. सीमा कडेजवळ गेली की पुढचं ग्लिसरीन कमी उरतं आणि वेग वाढतो, म्हणून मोजमाप चकतीच्या मधल्या भागातलं घ्या. सिरिंजनेच करायचं असेल तर २० मिलिलिटर हवा १४ सेकंदांत सोडली की ३ सेंटिमीटर त्रिज्येवर सरासरी वेग सेकंदाला १ सेंटिमीटरच्या जवळ येतो, १४० सेकंदांत सोडली की १ मिलिमीटर. प्रत्यक्षात बोटांची टोकं सरासरीपेक्षा पुढे धावतात. व्हिडिओच्या दोन चौकटींतलं अंतर मोजून टोकाचा खरा वेग काढा आणि सूत्रात तोच घाला.

गोल मांडणीत फांद्या बाहेरच्या बाजूला वाढत का जातात, हेही तुमच्या फोटोवरून विचारलं होतं. मध्यापासून दूर जाताना वेग कमी होतो, म्हणून पसंतीची रुंदी वाढते, पण फक्त त्रिज्येच्या वर्गमुळाने. परीघ मात्र थेट त्रिज्येच्या पटीत वाढतो. त्रिज्या दुप्पट झाली तर बोट १.४ पट रुंद व्हायला हवं, आणि परिघावर १.४ पट जास्त बोटांना जागा होते. ती जागा भरायला बोटाचं टोक आधी चपटं होतं, मग मधे खळगा पडतो आणि त्याची दोन होतात. प्रत्येक फाट्याजवळ हा चपटेपणा व्हिडिओ थांबवून दाखवता येतो. मागे राहिलेली बोटं पुन्हा वाढत नाहीत, कारण पुढच्यांनी त्यांच्यापुढचा दाबाचा उतार खाऊन टाकलेला असतो.

आता एप्रिलचं कोडं. हे खान्देशातल्या हवामानामुळेच घडतंय. शुद्ध ग्लिसरीनची श्यानता २० अंशांना १.४ पास्कल-सेकंद, २५ ला ०.९, ३० ला ०.६, आणि ४० ला जेमतेम ०.२८. एप्रिलात दुपारी पंख्याखालच्या वर्गात ग्लिसरीन ४० अंशांच्या जवळ असतं. सेकंदाला १ सेंटिमीटर वेगाला हवेच्या नक्षीची तरंगलांबी २५ अंशांना ६ मिलिमीटर, तर ४० ला ११. पृष्ठताण या तापमानात फारसा हलत नाही, बदल जवळपास सगळा श्यानतेचा. पावसाळ्यात दुसरीच गोष्ट: ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. वजनाने १० टक्के पाणी शिरलं की २० अंशांना श्यानता १.४ वरून ०.२२ वर येते. म्हणून बाटलीचं झाकण घट्ट ठेवा, वापरलेलं ग्लिसरीन परत बाटलीत ओतू नका, आणि प्रयोग सकाळी लवकर करा.

बाटलीवरचा आकडा न धरता श्यानता स्वतः मोजा. सायकलच्या फ्रीव्हीलमधला एक अष्टमांश इंची छर्रा घ्या. ४ सेंटिमीटर रुंदीच्या मोजपात्रात ग्लिसरीन भरून छर्रा मधोमध सोडा, वरचे ५ सेंटिमीटर सोडून पुढच्या १० सेंटिमीटरला लागणारा वेळ मोबाइलवर चित्रित करा. २५ अंशांना चांगल्या ग्लिसरीनमध्ये तो सुमारे ३ सेकंद येतो. ०.०३१ ला मीटर प्रति सेकंदातल्या वेगाने भागलं की श्यानता पास्कल-सेकंदात मिळते. पात्राच्या भिंतीमुळे छर्रा थोडा हळू पडतो, त्याची दुरुस्ती या आकड्यात धरलेली आहे. छर्रा एका सेकंदाच्या आत १० सेंटिमीटर गेला तर हा हिशेब कच्चा पडतो, तेव्हा त्यावर जाऊ नका.

मुलांना इतिहास सांगायचा असेल तर एवढं पुरे. दोन जवळ ठेवलेल्या काचांची ही मांडणी हेनरी हेले-शॉ यांनी १८९८ मध्ये वापरली. १९५२ मध्ये हिल यांना साखरेच्या कारखान्यातल्या अडचणीतून हेच सापडलं: कोळशाच्या थरातून साखरेचा घट्ट रस पाण्याने ढकलताना पाणी सरळ न जाता वाटा काढत होतं. १९५८ मध्ये सॅफमन आणि टेलर यांनी त्याचं गणित मांडलं. लांब अरुंद नाल्यात त्यांना एकच बोट दिसलं, आणि वेग वाढवला की ते नाल्याच्या साधारण निम्म्या रुंदीवर स्थिरावत होतं. पृष्ठताण सोडून दिलेल्या गणितात मात्र कोणतीही रुंदी चालत होती. निम्मीच का, याचं समाधानकारक उत्तर १९८० च्या दशकात मिळालं: पृष्ठताण कितीही कमी असला तरी शून्य नाही, आणि तेवढ्यानेच असंख्य रुंद्यांतून ठरावीक निवडल्या जातात. मला या विषयातली ही सगळ्यांत सुंदर गोष्ट वाटते, आणि ती दाखवायला जास्त काही लागत नाही. याच काचांमध्ये कार्डाच्या पट्ट्या लावून २ सेंटिमीटर रुंद नाला करा, एका टोकाने हवा सोडा. सुरुवातीला दोन-तीन बोटं येतील, मग एक उरेल. त्याची रुंदी पट्टीने मोजा. अगदी हळू सोडली तर ते नाल्याचा बराच भाग व्यापेल, वेग वाढवाल तसं १ सेंटिमीटरकडे येईल.

उपयोग विचारला तर तेलविहिरींचं उदाहरण द्या. जमिनीतलं घट्ट तेल पाण्याने ढकलताना पाणी बोटं काढून थेट दुसऱ्या विहिरीत पोचतं आणि तेल मागे राहतं. त्यावर उपाय म्हणून पाण्यात पॉलिमर घालून ते घट्ट करतात. राजस्थानात बाडमेरच्या मंगला तेलक्षेत्रात हे केलं जातं. काळ्या जमिनीच्या भेगांचा मात्र याच्याशी संबंध जोडू नका. त्या माती सुकून आकसल्याने पडतात, दिसायला फांद्यांसारख्या असल्या तरी.

प्रदर्शनाच्या टेबलावर मी या क्रमाने मांडेन: पाणी-ग्लिसरीन दोन वेगांना, रुंदी तीच. हवा-ग्लिसरीन त्याच दोन वेगांना, रुंदी वेगळी. मग एरंडेलात नुसतं पाणी आणि साबणाचं पाणी. प्रत्येक फोटोखाली त्या वेळचं तापमान आणि छर्ऱ्याने मोजलेली श्यानता लिहा. परीक्षकाने एप्रिलच्या फोटोवर बोट ठेवलं तर उत्तर तिथेच लिहिलेलं असेल.